जमा बाजू

वार्षिक सभेला यंदा एकोणीस जण.
त्यातले चौघे भज्यांचा वास लागून आलेले.
चष्मा पुसून मी वाचायला उभा राहिलो :
डायमंड इलेव्हन, कॅम्प, बेळगाव,
मार्चअखेरचा जमाखर्च.

तिकीटविक्री, अकराशे चाळीस.
कायतान म्हणाला, परत वाच.
परत वाचलं.
तेवढेच आले.

भांडी भाडे, एक लाख बारा हजार.
इथं कुणी परत वाच म्हणालं नाही.
सत्त्याऐंशीला ढाल जिंकलो, तेव्हा बक्षिसाच्या पैशातून
भरमू कंग्राळकरनं गोलची जाळी आणायची
ती सोडून चौदा पातेली आणली, दोन कढया, एक भला मोठा झारा.
किती शिव्या घातल्या त्याला.
जाळी असती तर कधीच कुजून गेली असती.
पातेली अजून शिजवतात,
उचगावला, सांबऱ्याला,
हद्द ओलांडून पार चंदगडापर्यंत जातात,
काठावर क्लबचं नाव ठोकलेलं,
आणि सोमवारी परत येतात
तळाला महाराष्ट्राची करपलेली डाळ घेऊन.
नाक्यावर त्यांना कुणी भाषा विचारत नाही.

मैदान भाडे : सात लग्नं, एक कुत्र्यांचं प्रदर्शन.
आचाऱ्यांना चुलवण खणायला
मधलं वर्तुळच बरं सापडतं.
राख उपसून माती भरली, रोलर फिरवला,
तरी चेंडू तिथं पडला की उसळत नाही.
दावल गोलमधनं ओरडतो,
"जेवून बसतंय ओ ते!"

मग जाहिरात.
उद्यमबागेतले फौंड्रीवाले होसमनी
चाळीस हजार देतो म्हणाले, शर्टावर नाव घाला.
नाव कुठल्या अक्षरात,
यावर दोन बैठका झाल्या.
दुसरीत एक कप फुटला.
अकरा पोरांत चार घरांत कानडी, पाचांत मराठी,
एकात कोंकणी, दावलच्या घरी उर्दू;
पास दे म्हणायला सगळ्यांना शीळ पुरते.
होसमनी शेवटी वैतागून म्हणाले,
नाव राहू दे की ओ, पंपाचं चित्र छापून सोडा.
छापलं.
आता गल्लीतली पोरं आम्हाला पंपवाले म्हणतात,
हरलो की, पाणी येत नाही म्हणतात.
चेक आकड्यांत आला.
आकडे कुणालाही खुपले नाहीत.

गाळे दोन. मोबाईलवाला वेळेवर देतो.
कुंदेवाला सहा महिने थकला आहे,
पण दर रविवारी हाफटाइमला किलोभर पाठवतो, मोजून.
हे कुठल्या रकान्यात लिहू,
मी सभेला विचारलं.
सभेनं भजी खाल्ली.

खर्च बाजू भराभर वाचली.
रेफ्री, चुना, सहा चेंडू, मिरजेपर्यंतची बस.
आणि एक ओळ, जिथं माझा आवाज उगीच खाली गेला :
निंगाप्पाचा गुडघा, अठ्ठ्याहत्तर हजार.
सतराचं पोर. आई वडगावात मागावर.
डॉक्टरनं आकडा सांगितला त्या रात्री
मी आणि कायतान गोडाऊनमध्ये पातेली मोजत बसलो होतो,
विकायला नाही, उगाच,
एका गुडघ्याला किती बारशी लागतात, किती बारावे
याचा हिशेब करत.
त्या वर्षी लोक भरपूर जेवले, एवढंच म्हणेन.

शिल्लक, नऊ हजार तीनशे सहा.
टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत, हात तेलकट होते.
मागच्या बाकावरून भरमूचा नातू उठला :
काका, यात फुटबॉल कुठं आहे?
मी पान उलटलं. परत उलटलं.
तेवढ्यात फोन वाजला,
सांबऱ्याचा साखरपुडा, दोनशे पानं, रविवारी.
लिहून घेतलं.

तर मंडळी, रविवारी चार वाजता सामना आहे.
यावं सगळ्यांनी.
फक्त उभ्यानं बघावा लागेल.
खुर्च्या साखरपुड्याला जातायत.