रबराची चकती

अकरा महिने हातपंप उभा होता
मान टाकून, गावाबाहेरच्या आंब्याखाली.
देणगीदारांची पाटी मात्र
दर रविवारी कुणीतरी पुसायचं.

बिघाड एवढासाच. आत, खोल,
रबराची एक चकती झिजलेली.
किंमत म्हणाल तर दोन कोंबड्या
आणि न्सान्जेच्या बाजारापर्यंतचं सायकलभाडं.

वही माझ्याकडे.
घरटी पन्नास क्वाचा ठरले होते.
फलेसीने दिले, वर मूठभर भुईमूग.
गावप्रमुखाने दिले नाहीत,
म्हणाला, पाटीवर माझं नाव कुठंय?
तेही मी लिहून ठेवलं.

तोवर बाया शिरे नदीवरच जायच्या.
काठाशी काट्यांचं कुंपण, मगरींसाठी.
कॉलऱ्याला कुंपण कोण घालणार?
फेब्रुवारीत न्यासिबेकोच्या घरापुढचा
माणसांचा आकडा मी तीनवरून दोन केला.

मग चैत गावची एस्नाट आली,
पाठीशी तान्हं, सायकलच्या दांड्याला पाना.
बाईच्या हातून सळया निघतील? पुरुषांनी विचारलं.
तिने पोर माझ्याकडे दिलं
आणि ओढत गेली एकेक सळई,
गवतावर मांडत, मोजत, सोळापर्यंत.
पोर माझ्या वहीवर मुतलं.
मार्चचा हिशेब पुसट आहे तो त्यामुळे.

दांडा हलला. पंप आधी खोकला,
तांबूस थुंकला, पुन्हा खोकला,
आणि मग धरली धार,
आरपार दिसावी अशी.

पहिला भोपळा न्यासिबेकोला.
तिने घोट तोंडात घोळवला, गिळला.
म्हणाली, याला चवच नाही.
आम्ही हसलो.
ती हसली नाही.
नदीला होती, म्हणाली, मातीची.
जोआकीला आवडायची.

दांडा मारणारा हात तेवढा थांबला.
मग कुणीतरी बादली पुढे सरकवली.

संध्याकाळी गावप्रमुखाचा मुलगा रांगेत.
मी बादलीशेजारी वही धरली.
पन्नास निघाले, चुरगळलेले.

आता जवळजवळ प्रत्येक परसात
गवताच्या भिंतींचा संडास आहे,
बाहेर दोरीला टांगलेला डबा,
काठीवर पाय दिला की
हातांवर पाणी ओततो तो.
न्यासिबेकोने स्वतः बांधला तिचा.
मी तपासायला गेलो, वही घेऊन.
डबा फार खाली टांगलाय, म्हटलं,
वर घेऊ का?

राहू दे, म्हणाली,
आणि वाकून हात धुतले.