लाभ, दोन, तीन

हल शहरात, हंबर नदीच्या कडेला, इस्पितळाच्या तळघरात
माझी खोली. खिडकी नाही. दारावर पाटी:
एस. मापारी, भौतिकी.
आडनाव धंद्यातून आलेलं. बार्शीच्या आडत बाजारात
वडील ज्वारी मापायचे, पायलीवरून तळहात फिरवून.
पहिल्या मापाला ते कधी एक म्हणाले नाहीत.
लाभ म्हणायचे. लाभ, दोन, तीन…

मी आयोडीनचे दाणे मोजते.
टिटॅनियमच्या सालीतले, जिऱ्याएवढे,
लांब चिमट्याने, शिशाच्या आडोशामागून.
आज चौऱ्याऐंशी. क्लिफर्ड स्टॅदर्स, वय सत्त्याहत्तर,
एकेकाळी आइसलंडच्या पाण्यात कॉड धरणारे,
आता प्रोस्टेट.
इथले डॉक्टर याला पेरणी म्हणतात. मी म्हणत नाही.
काही उगवू नये म्हणून ठेवलेलं,
त्याला पेरणी कसं म्हणू?

भूल उतरल्यावर त्यांनी विचारलं, "किती?"
एकशे पंचेचाळीस ग्रे, मी म्हणाले.
"म्हणजे किती?"
हे मला कुठल्याच परीक्षेत विचारलं नव्हतं.

जिवंत मांसात पट्टी धरता येत नाही.
म्हणून मांसाचं सोंग घेणारा ठोकळा घ्यायचा,
विटकरी प्लास्टिकचा; त्याचं नाव घन पाणी.
त्यात खाचा, खाचांत लिथियम फ्लोराइडच्या चकत्या,
करंगळीच्या नखाहून लहान. मधोमध एक दाणा.
आणि दिवा मालवून निघून जायचं.
चकती बोलत नाही. सोसलेलं साठवते.
मग तिला तापवायची, अडीचशे अंशांच्या आसपास,
की ती उजेड देते. जेवढं सोसलं तेवढाच.
एकदा वाचली की कोरी.
पहिल्या वर्षी नोंद सुरू न करताच मी यंत्र चालवलं,
नऊ दिवसांचा उजेड असाच गेला.
त्या रात्री जेवले नाही.

एक सेंटीमीटरवर इतकं. दोनवर चौथाई,
खरं तर चौथाईहून कमी,
वाटेतलं मांसही थोडं गिळतं.
आणि आकड्याच्या शेपटीला अधिक-उणे अमुक टक्के.
वडिलांच्या भाषेत शीग.
घेणारा शीग मागायचा, देणारा सपाट म्हणायचा,
मध्ये वडिलांचा तळहात.
इथे शीग लागली तर शेजारचं आतडं पोळतं.
माप तुटीचं भरलं, तर गाठ तगते.

अकराव्या दिवशी फोन.
"मिस मपारी, एक दाणा गळाला. लघवीच्या गाळणीत."
शिशाची डबी घेऊन हेसल रोडला गेले.
त्यांनी तो चमच्याने उचलून तंबाखूच्या डब्यात ठेवलेला,
डबा अंगणाच्या टोकाला, पालथ्या बादलीखाली,
भोवती खडूचं वर्तुळ.
आत सोफ्यावर नात, टिली, शिंपिणीची फीत घेऊन.
दोन महिने मांडी बंद. एक मीटर लांब.
"आजोबा, हलायचं नाही," तिने फीत ताणली.
काल तिनं ती जरा सैल धरली होती, ते हळूच म्हणाले.
माझ्या कुठल्याच तक्त्यात तो सैलपणा बसत नाही.
मी बूट घालत राहिले.

दारात पुन्हा, "म्हणजे किती?"
मी हवेतल्या पायलीवरून तळहात फिरवला. सपाट.
त्यांनी बराच वेळ पाहिलं.
मग स्वतःचा हात फिरवला,
भरल्या टोपलीवरचा मासा खाली सारावा तसा.
"जास्तीचं नाही," म्हणाले.
जास्तीचं नाही.

तिजोरीपाशी हिशेब पुन्हा मांडला.
चौऱ्याऐंशीतून एक वजा; मात्रा फारशी हलत नाही.
परत आलेला दाणा साठ दिवसांत अर्धा होईल,
पुढच्या साठात अर्ध्याचा अर्धा,
कुणी मोजो न मोजो.
नोंदवहीत 'जमा'च्या रकान्यात १ लिहिलं.
तोंडातून लाभ निघालं.
शेजारच्या टेबलावरचा गॅरेथ म्हणाला, काय?
काही नाही म्हटलं, आणि कुलूप लावलं.