मागचं कोर्ट

मिश्र दुहेरीत बाईनं जाळीपाशी उभं राहायचं,
त्यामुळे लोकमानला खेळताना मी कधी पाहिलंच नाही.
सात वर्षं तो माझ्या पाठीमागे होता:
बुटांची चिरचिर, एक खोल श्वास,
मग कानावरून हातभर अंतरावर सुटलेला सपकारा.
शटल पलीकडे पडल्यावरच मला कळायचं
त्यानं कुठे मारलं ते.

जेलरोडच्या हॉलमध्ये तो झाडू मारायला आला होता.
बागलुंगहून गोरखपूर, गोरखपूरहून सातपूर,
मामा बल्बच्या कारखान्यावर वॉचमन
आणि मामाच्या खोलीत आधीच पाच जण.
म्हणून हॉलमध्येच निजायचा, जुन्या जाळीची उशी करून.
आम्ही टाकलेली शटलं वेचायचा,
चहाच्या वाफेवर पिसं सरळ करायचा
आणि रात्रभर भिंतीशी खेळायचा.
भिंत चुकत नाय, बोलत पण नाय,
असं एकदा म्हणाला.
चांगलं म्हणाला की वाईट, मी विचारलं नाही.

मराठीतले त्याचे पहिले दोन शब्द:
माझं. सोड.
माझं म्हणजे तू वाक.
सोड म्हणजे बाहेर जातंय, हात लावू नकोस.
एवढ्या भाषेवर आम्ही तीनदा जिल्हा जिंकलो.
एका कपात आई अजून किल्ल्या ठेवते.

पहिल्या फायनलला माईकवरचे गृहस्थ
लोकमान पुन या नावाशी थबकले
आणि ठणकावून म्हणाले, लोकमान्य, पुणे!
हॉल हसला. तोही हसला, सगळ्यांत उशिरा.
पुढे प्रमाणपत्रावरही तेच छापून आलं,
गाव: पुणे.
तेव्हा तो सिन्नरच्या पुढेही गेलेला नव्हता.

प्रेसमध्ये डबा खाताना लोक माझ्या वडिलांना विचारायचे,
पोरगी त्या गुरख्याबरोबर खेळते म्हणे?
वडील म्हणायचे, बरोबर नाही, पुढे.

सांगलीला उपांत्य फेरी गाठली. निवड झाली, दोघांची.
मग फॉर्म आला, फॉर्मामागून दाखला:
जन्म कुठला, पुरावा काय.
त्याच्याकडे गावच्या मास्तरांच्या हातची एक चिठ्ठी होती,
तिच्यावर त्यांच्याकडचं साल, दोन हजार सत्तावीस.
कारकुनानं चष्मा वर केला.
बाबा रे, तू तर अजून जन्मलाच नाहीस.

मला दुसरा जोडीदार दिला, नागपूरचा,
उंच, कागदपत्रं चोख.
मी नाही म्हणाले नाही.
हे वाक्य मी पुष्कळदा फिरवून पाहिलंय,
ते तसंच राहतं.
निघायच्या आदल्या रात्री लोकमाननं माझी रॅकेट विणून दिली,
तेवीस पौंड. पैसे घेतले नाहीत.
गाठ कापताना एवढंच म्हणाला,
तिकडं दमट असेल, तार उतरेल.
पहिल्याच फेरीत हरलो.
मुलगा चांगला होता, पण मागून आवाजच येईना.
मधोमध पडलेल्या शटलकडे
आम्ही दोघंही सभ्यपणे बघत राहिलो.

आता सिडकोत, पवननगरच्या बाजारामागे,
त्याचं गटिंगचं दुकान आहे.
पाटीवर लाल अक्षरं: लोकमान्य स्पोर्ट्स.
पेंटर चुकला का रे, विचारलं,
तर म्हणतो, नाही ताई,
या नावाला कुणी गाव विचारत नाही.

रविवारी तो लेकीबरोबर खेळतो.
मी समोरच्या बाकावर, गुडघ्याला पट्टा.
समोरून. आयुष्यात पहिल्यांदा समोरून.
तर मारताना तो डावा डोळा मिटतो,
जिभेचं टोक दातांत धरतो, गणित सोडवणाऱ्या पोरासारखं,
आणि उडी केवढीशी!
मला वाटायचं, छताला हात लागत असेल.

जाळीपाशी सुजिता, मान न वळवता.
ते मानेनं ऐकणं मला ओळखीचं.
तिच्या खांद्यावरून एक शटल सपाट आलं.
सोड, तो ओरडला.
तिनं रॅकेट खाली घेतली, बाकावर मी हात.
शटल आत पडलं,
रेषेच्या बोटभर.