पेपर तिसरा

उपकेंद्राच्या वर्गात पंखा हवा कमी, आवाज जास्त करतो.
खानविलकर मॅडम नकाशावर
दुसऱ्याच महासागराच्या काठाला बोट लावतात :
इथे मिगमाक राहतात.
त्यांची भाषा क्रियापदांवर चालते.
आपण ज्याला वस्तू म्हणून सोडून देतो
ते तिथे बहुधा काहीतरी करत असतं.

मोंडकर विचारतो, परीक्षेला आहे का हे?
आहे.
भाषा, संस्कृती, शासनव्यवस्था. वीस, वीस, वीस.

गृहपाठ : आपापल्या बोलीत
‘शासनव्यवस्था’ला शब्द शोधून आणा.

रात्री देवबागला फोन.
बाबा जाळं सांधतायत, दातांत सूत,
म्हणून उत्तर उशिरा :
“सरकार म्हण.”
सरकारच्या आधीचा हवाय, बाबा.
पलीकडे समुद्र, टीव्ही,
आई : “चेडू जेवला काय ता विचार.”

“असो शब्द नाय गो आमच्यात.
रापण ओढूक शंभर माणसां लागत.
कोणी खंय उभ्या रवाचा, ता कोण सांगी नाय.
दोरयेक हात लागलो की समाजता.
मगे वाटो.
जाळ्याचो, होडयेचो, ओढतल्यांचो.
बायजाकाकीचो घोव बुडालो,
तरी सात वर्सां तेचो वाटो तिच्या घराक जाय.”

हे ठरवलं कोणी?

“ठरवूक कित्याक व्हया?”

मी ‘वाटो’ लिहिते. पुल्लिंगी.
मग खोडते, परत लिहिते.
पहिल्या वर्षी याच शहराच्या एसटी स्टँडवर
माझं ‘माका’ ‘मला’ झालं होतं,
कोणी सांगितलं नव्हतं तरी.

मॅडम लाल पेनाने विचारतात : नाम की क्रियापद?

यंदा ओढायला तिसांवर माणसं जमत नाहीत.
रात्री खोल पाण्यात दिव्यांची गावं दिसतात,
मासळी तिकडेच जाते.

पण मी सहा वर्षांची असताना
दोरीच्या शेपटाला नुसता हात लावून उभी राहायचे,
तोंड वेडंवाकडं करत, ओढल्याचं सोंग घेऊन.
आजोबांना कळत होतं.
वाळूवर ढीग पडले की
एक मूठ तारले माझ्या फ्रॉकच्या ओच्यात.
ओले, अजून हलणारे.

हे कुठे लिहायचं,
पुरवणी मागेपर्यंत घंटा झाली.