अनामत

दगडी दरवाज्याच्या अलीकडे, जिथं आता माझं झेरॉक्स मशीन आहे,
तिथं पक्षाचं कार्यालय होतं. भाडं महिना अकरा रुपये,
तेही शेवटची नऊ वर्षं बापाने मागितलं नाही.
परवा भिंत खरवडली तर रंगाखाली रंग निघाला:
चक्र, त्याखाली नांगर, त्याखाली वडाचं झाड,
अगदी तळाला झोपडी.
चिन्हं बदलली, उभा राहणारा एकच,
वेडू दगा बडगुजर, मिलच्या साचेखात्यातला,
उजव्या हाताला दोन बोटं कमी.

माळ्यावर त्याची वही सापडली.
पानावर दोन रकाने.
डावीकडे अमळनेर, उजवीकडे डॉर्टमुंड.

डॉर्टमुंडला एरविन काझमारेक राहायचा,
कोळशाच्या खाणीतला, शाखेचा खजिनदार.
दर महिन्याला घरोघर जाऊन
वर्गणीची तिकिटं सभासदांच्या पुस्तकात डकवायचा.
पत्ता कामगार संघटनेच्या कुठल्याशा पत्रकात मिळालेला.
त्याचं इंग्रजी मोडकं, अण्णाचं त्याहून मोडकं,
मधे मी, सातवीतला, डिक्शनरी घेऊन.
एका पत्रामागे भज्यांची एक पुडी.

त्या भज्यांच्या तेलकट कागदावर मी शिकलो
अठराशे त्रेसष्टचा एक पक्ष.
बंदीची बारा वर्षं तो गायनमंडळात लपून राहिला.
चौदा साली त्यानेच लढाईच्या पैशांसाठी हात वर केला.
"यावर आमच्याकडे जेवताना बोलत नाहीत," एरविनने लिहिलं.
अण्णाने समासात पेन्सिलीने लिहिलं: आमच्यातही असंच.
आणि तेहतीसला, गणवेशातली माणसं भिंतीला उभी असताना,
चौऱ्याण्णव जण नाही म्हणाले.
हा आकडा अण्णा सावकाश उच्चारायचा,
गरम चहा बशीत ओतावा तसा.

बहात्तरच्या मार्चात अण्णा पडला.
अडीचशे रुपये गेले, धुरपताबाईच्या पाटल्यांचे.
ती चूल फुंकत एवढंच म्हणाली,
"सरकारनी तिजोरीमा आपलाबी पैसा शे."
नोव्हेंबरात कार्ड आलं. मजकूर नाही,
नुसता आकडा, ४५.८, पुढे तीन उद्गारचिन्हं.
अण्णाने मिलच्या गेटवर दोन किलो जिलेबी वाटली.
कोण निवडून आलं, लोकांनी विचारलं.
डॉर्टमुंड, अण्णा म्हणाला.
तो कोण, धुळ्याकडचा का?

पुढे आमचा भोंगा थांबला.
थांबल्यावरही कित्येक महिने
गल्ली पहाटे साडेपाचला आपोआप उठत होती.
हे त्याला कळवलं. सत्त्याऐंशीला त्याचं उत्तर आलं,
आमचीही खाण मिटली, मीही अजून चारला उठतो,
बायको चिडते.

अठ्ठ्याण्णवला पुन्हा उद्गारचिन्ह, पण एकच.
मग मुलीचं पत्र, काळ्या कडेचं.
अण्णा त्यानंतर तीन उन्हाळे होता.
उजवा रकाना त्याने पेपर वाचून भरला, वाकड्या अक्षरात.
डावा कधीचाच कोरा.

मी त्याला कधीच मत दिलं नाही.
त्याला ते ठाऊक होतं. भजी तरी खाऊ घालायचा.

काल दुपारी गिऱ्हाईक नव्हतं म्हणून मोबाईलवर शोधलं.
दोन हजार पंचवीस: १६.४.
आपल्याकडे अनामत वाचायला सहावा हिस्सा लागतो,
शंभरात सोळा पॉइंट सहासष्ट.
मी दोनदा हिशोब केला.
म्हणजे एरविन, थोडक्यात गेली की रे तुझीही.
दीडशे वर्षांची पार्टी, दोन कैसर, एक हिटलर, सगळं पचवून,
आमच्या तहसीलच्या खिडकीपाशी येऊन उभी राहिली,
वेडू अण्णाच्या मागे, रांगेत.

आकडा लिहिला. पेन्सिलच वापरली.
डावीकडे काय लिहावं सुचेना, तेवढ्यात
पातोंड्याची एक बाई आधार कार्ड घेऊन आली.
दोन्ही बाजू काढायच्या का?
दोन्ही, म्हणाली. आणि जरा गडद काढा,
मागच्या वेळी फोटोच आला नव्हता.