दहापैकी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी दूध तापवत होतो.
"सर, सरकारला वर्ष झालं. परराष्ट्र धोरणावर
आठशे शब्द, संध्याकाळी सातपर्यंत.
आणि शेवटी एक चौकट : दहापैकी गुण."
दूध उतू गेलं.

चौतीस वर्षं मी गुणच दिले,
राजारामपुरीतल्या याच खोलीत, गठ्ठ्यांवर पाय ठेवून.
तटस्थता म्हणजे काय, यावर एका पोरानं लिहिलं होतं :
शेजारी भांडण लागलं की दार लावून घेणे.
त्याला पाचपैकी दोन दिले होते.
आज साडेतीन दिले असते.

भिंतीवर विभागानं रद्दीत काढलेला नकाशा,
त्यात अजून ते देश आहेत जे आता नाहीत.
त्याच्यासमोर बसून हिशेब मांडला :
अकरा दौरे, नऊ संयुक्त निवेदनं,
त्यांत 'सखोल' सत्तावीस वेळा, 'फलदायी' एकोणीस.
मिठ्या मोजायचं मी चौथ्या महिन्यातच सोडलं.
एका शेजाऱ्याशी बोलणं बंद.
दुसऱ्याशी सुरू, पण काय बोलणं झालं
ते दोन्हीकडची पत्रकं वेगवेगळं सांगतात.

तालमीच्या कट्ट्यावर हिंदुराव वस्ताद पेपर वाचत होते.
"सलामीचं गुण मागत्यात व्हय?
हात मिळवल्याला कुस्ती म्हणत न्हाईत, सर.
कुणाच्या पाठीला माती लागली, तेवढं बघायचं."
म्हटलं, या कुस्तीत पाठ दिसत नाही,
नुसते चेहरे दिसतात, दोन झेंड्यांच्या मधे.
"मग निकाल कशाला देतासा?"

दुपारी केएमटीनं शिरोलीला गेलो.
रेश्मा मुल्लाणी, माझी जुनी विद्यार्थिनी,
फाउंड्रीत निर्यातीची कागदं बघते.
आवारात लाकडी खोकी, आत बिडाची पंपांची कवचं,
समुद्रापलीकडच्या गिऱ्हाइकाचे स्टिकर उन्हानं पिवळे.
"तिकडं कर वाढला, सर. मार्चपासून उभी आहेत.
आपण 'तीव्र चिंता व्यक्त केली' ना,
त्याच दिवशी मालकांनी रात्रपाळी बंद केली."
चिंतेची प्रत तिनं फाइलला लावली होती,
इन्व्हॉइसच्या मागे, पंच मारून.

मला उपमा सुचली, मास्तरांना सुचतेच :
धोरण म्हणजे वाळूच्या साच्यातला रस, आत अजून लाल,
वर्षात फोडू नये, तडा जातो.
साचे भरणारा बाबगोंडा ऐकत होता.
"साचा एका रात्रीत गार हुतोय, सर.
वरीसभर कोण ठेवतंय?"
उपमा तिथंच भंगारात टाकली.

परतताना पंचगंगेच्या पुलावर बस अडकली.
तेव्हा आठवलं, हेही लिहायला हवं :
कागलच्या दोन नर्सेस, युद्धातल्या शहरातून
तेराव्या दिवशी घरी पोचल्या.
वकिलातीतल्या कुणा कारकुनानं
स्वतःच्या गाडीनं त्यांना सीमेपर्यंत सोडलं.
त्याचं नाव एकाही निवेदनात नाही.
त्याच्यासाठी अर्धा गुण वाढवला
आणि साडेचार लिहून पाठवले.
सातला सात मिनिटं होती.

सकाळी पाहतो तर फॉन्ट बदलताना अर्धा हरवला होता.
चौकटीत ठळक छापलं होतं :
४?

नऊच्या आत सहा फोन.
कुणी म्हणालं धाडस केलंत, कुणी म्हणालं संयम पाळलात.
एक जण नुसताच श्वास घेत राहिला आणि ठेवून दिला.
मग रेश्मा : "सर, त्या प्रश्नचिन्हाला
माझ्याकडून पैकीच्या पैकी."
फॉन्टचं मी तिला सांगितलं नाही.
"आपली चर्चा फलदायी झाली," म्हणालो.
ती हसली.
"आणि खोकी?"
"आहेत," ती म्हणाली.