कस

दिवसा मी झवेरी बाजारात सोनं तपासते.
दुसरा मजला, खिडकी नसलेली खोली.
काळ्या दगडावर एक रेघ ओढायची,
तिच्यावर आम्लाचा थेंब,
आणि रेघ किती टिकते ते बघायचं.
हल्ली मशीन सांगतं: नऊशे सोळा, साडेसातशे.
तरी शेठ म्हणतात, बाई, एकदा दगडावर घ्या.

रात्री अकरानंतर मी माणसं तपासते,
जी नाहीत.

आमची लीग बास्केटबॉलची, दहा संघांची,
सगळी संगणकाच्या पोटातली.
रे रोड रावस. घोडपदेव घोडे. पिनाकिनचे डोंगरी डायनामो.
मुबीनचे शिवडी फ्लेमिंगो, पाच हंगाम तळाला,
एका पायावर उभे.
दरवर्षी यंत्र साठ पोरं जन्माला घालतं,
एकोणीस-वीस वर्षांची, साडेसहा फुटांची,
आई नसलेली, मुरूम नसलेली,
नावं अशी की कुठल्याच वर्गात
हजेरीला कुणी ‘हजर’ म्हणणार नाही:
टोबायस व्हँक. ज्यूनो पेटिबोन. ओरेल स्टॅश्को.
आम्ही ती आळीपाळीने उचलतो,
आणि उचलून झाली की श्रेणी द्यायचं काम माझं.
कारण, हेरंब म्हणतो, तुला खोटं लवकर कळतं.

यंदा लिहिलं:
रावस, अ. चिठ्ठीत पहिला नंबर लागला, व्हँक मिळाला,
ह्यात अक्कल काय?
घोडे, ब. तीन उंच पोरं घेतली. चेंडू वर आणणार कोण, घोडपदेव?
डायनामो, क. पिनाकिन नावं बघून निवडतो,
लग्नाची स्थळं असल्यासारखा.

फ्लेमिंगोंशी आले आणि चहा बाजूला ठेवला.
दुसऱ्या क्रमांकाला, जिथे दहा वर्षांचं भविष्य मिळतं,
मुबीनने घेतला एल्मर दोस्ता.
वय सत्तावीस. उंची पाच-आठ.
क्षमता शंभरात एक्केचाळीस,
वाढीची शक्यता शून्य.
असा माणूस कुणी फुकटातही घेत नाही.
ड, मी लिहिलं. आणि कारणाच्या रकान्यात:
उंची कमी. हात बरा.

लिहिलं, आणि बोटं थांबली.
हे वाक्य माझं नव्हतं.

नागपाड्याचं कोर्ट, तापलेलं सिमेंट,
निवड चाचणी, सतरा वर्षांची मी,
दादाचे बूट, पुढे कापूस कोंबलेला.
टेबलामागे तीन माणसं,
त्यातला एक सारखा उसाचा रस पिणारा.
दुसऱ्या दिवशी भिंतीवर यादी,
खोडलेल्या नावांपुढे शिसपेन्सिलीने शेरे.
माझ्यापुढे चार शब्द.
त्यातल्या शेवटच्या शब्दावर मी चार महिने जगले.
मग मामाने इथे चिकटवून दिलं.

ड बदलला नाही.
पितळाची दया आली म्हणून
कुणी त्यावर बावीस कॅरेटचा शिक्का मारत नाही.
शेरा तेवढा खोडला
आणि मुबीनला विचारलं, का रे?

रात्री एकला उत्तर आलं:
‘त्याच्या माहितीत गावाची जागा कोरी आहे.
यंत्र भरायला विसरलं.
बाकीचे एकोणसाठ कुठून कुठून आलेत,
हाच कुठूनच नाही.
म्हटलं, आपल्याकडे येऊ दे.
मी शिवडी लिहिलं.’

ह्याला श्रेणी कुठली द्यायची?
माझ्याकडे अ ते ड आहेत.

रविवारी हंगाम पळवला.
ब्याऐंशी सामने, साडेचार मिनिटं.
मी तेवढ्यात भात टाकला होता.
फ्लेमिंगो तळाला.
दोस्ता बाकावर, बाकावर, बाकावर,
आणि शेवटच्या सामन्यात, एकतीस गुणांनी मागे असताना,
तीन मिनिटं आत.
दोन गुण.
कुठून टाकले, उडी मारून की उभ्या उभ्या,
कुणाच्या हातावरून,
यंत्र सांगत नाही. आकडा तेवढा.
मी तो आकडा उघडला, मिटला,
पुन्हा उघडला.

मुबीनचा निरोप: ‘बघितलंस?’

‘बघितलं,’ मी लिहिलं. ‘ड तो ड.’
तोवर भात खाली लागला होता.